ताई, बाण सुटण्याआधीचं सगळं शिकवल्याबद्दल

प्रिय ताई,

रेंजवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, आधी बाण मोजून ठेवा" म्हणता आणि विषय संपतो. म्हणून हे उघड पत्र लिहितोय. माझ्या ओळखीत आणखी दोघांनी नुकताच क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखी ट्रिगरची आडवी कमान, घेतलाय, त्यांच्याही नजरेला हे पडावं अशी इच्छा आहे.

नवा कोरा क्रॉसबो घेऊन मी पहिल्यांदा आलो, तेव्हा तुम्ही बाणांचा डबा माझ्याकडून काढून घेतलात आणि बाजूला ठेवलात. तो अख्खा रविवार मी एकही बाण मारला नाही. तुम्ही माझ्याकडून नुसती कमान हाताळून घेतलीत. कुठे धरायची, खाली ठेवताना तोंड कुठे हवं, बोट ट्रिगरच्या बाहेर कसं सरळ ठेवायचं. मग तुम्ही भेंडी काढलीत. भाजीच्या पिशवीतली साधी कोवळी भेंडी. पुढच्या मुठीला, अंगठा येतो तिथे, ती चिकटपट्टीने अशी लावलीत की टोक रेलच्या, म्हणजे बाण आणि दोरी धावतात त्या पट्टीच्या, जरासं वर यावं. तुम्हीच बाण चढवलात, टार्गेटवर नेम धरलात आणि सोडलात. बाण लागल्याचा आवाज आला, आणि भेंडीचं टोक जागेवर नव्हतं. "ही दोरी कोणासाठी थांबत नाही," एवढंच म्हणालात. तेव्हापासून माझा डावा अंगठा रेलच्या खाली असतो, आणि दर बाणाआधी मी मान वाकवून तो डोळ्यांनी बघतो. बोटांना आपोआप कळेल यावर विसंबायचं नाही, हे तुमचंच सांगणं.

दीडशे पाउंडांची कमान म्हणजे जवळजवळ ६८ किलोंची ओढ. ती हातांनी ओढताना दोरी एका बाजूला केसभर जरी जास्त आली तरी बाण बाजूला जातो. दोरखंडाची खेचणी वापरली की जोर निम्मा लागतो आणि दोन्ही बाजू सारख्या येतात. पण त्याआधी पाऊल पुढच्या रिकिबीत पक्कं रोवलेलं हवं, चप्पल तर नकोच. नाहीतर अर्धवट ओढलेली कमान निसटून थेट तोंडावर येते. दोरी खटकन अडकल्यावर सेफ्टी लागली आहे ना ते बघायचं, आणि मगच बाणाला हात लावायचा. वेगळ्या रंगाचं पीस खाली खोबणीत, आणि बाण मागे दोरीला टेकेपर्यंत सरकवायचा. मध्ये फट राहिली तर दोरी बाणावर आपटते किंवा त्याच्या वरून निघून जाते, आणि मग ते रिकामी कमान सोडल्यासारखंच होतं.

रिकामी कमान सोडण्याबद्दल तुम्ही जितक्या वेळा बजावलंत तितकं दुसऱ्या कशाबद्दल नाही, आणि त्याचं कारण समजावलंत म्हणून ते डोक्यात बसलं. बाणाबरोबर जाणारी सगळी ताकद बाण नसेल तर कमानीच्या पात्यांत परत येते. पाती तडकतात, दोरी तुटते, तुकडे उडतात. कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा हलका बाण लावला तरी थोड्याफार प्रमाणात हेच होतं. ओढलेली कमान हाताने हळूच सैल करता येईल असंही समजायचं नाही. बहुतेक क्रॉसबो बाण लावून टार्गेटमध्ये सोडूनच रिकामे करायचे असतात. म्हणून निघताना शेवटचा जुना बाण तुम्ही स्वतः उभं राहून मारायला लावता.

कार्बनचा बाण दर वेळी वाकवून, कान जवळ नेऊन तडकल्याचा आवाज येतो का ते ऐकायचं, हेही तुमच्याकडूनच शिकलो. तडकलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या काड्या हातात घुसतात. चष्मा घालायचा तो यासाठीही.

त्या दिवशी टार्गेटच्या मागून कुत्रं आलं होतं, आठवतं? तुमची शिट्टी थांबेचना. एरवी दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या, एक म्हणजे सुरू करा, तीन म्हणजे बाण आणायला जा. सलग वाजत राहिली की सगळं बंद. आम्ही सेफ्टी लावली, बाण उतरवले, तोंडं टार्गेटकडे ठेवून उभे राहिलो. कुत्रं आरामात हुंगत फिरत होतं, उन्हाने आम्ही वैतागलो होतो, कोणीतरी म्हणालं की ते बरंच बाजूला आहे. तुम्ही वळूनही पाहिलं नाहीत. ते कुंपणाबाहेर गेल्यावरच एक शिट्टी वाजली. नियम भिंतीवर लिहून कोणीही लावेल. बाकी सगळ्यांना तो जाच वाटत असताना तुम्ही तो पाळलात, हे माझ्या लेखी फार मोठं आहे.

आमच्या भांडुपच्या सोसायटीत मुलं विचारत असतात, "काका, गच्चीवर एकदा दाखवा ना." मी समोर बसवून सांगतो, सेकंदाला ३०० फूट म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर. चुकलेला बाण गच्चीवरून कित्येकशे मीटर जातो, आणि आपल्याकडे तेवढ्या अंतरात दोन चाळी, एक शाळा आणि रिक्षा स्टँड असतो. बाण अडवणारी भक्कम आडोशाची जागा नसेल तर कमान पिशवीतून काढायचीच नाही. आरे कॉलनीत किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला जाऊन 'जरा मारून बघू' म्हणणाऱ्यालाही मी हेच सांगतो, शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याची आठवण करून देतो. तुम्ही मला सुरुवातीलाच सांगितलं होतं की याचा रीतसर खेळ आहे, १९५६ पासून त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १० आणि ३० मीटरवर मॅच क्रॉसबोच्या स्पर्धा होतात. त्या एका वाक्याने माझी या हत्याराकडे बघायची नजर ठरली.

घरी कमान ओढलेली नसते, बाण वेगळ्या कपाटात कुलपात असतात. पावसाळ्यात बॅगेत ओल धरते म्हणून दर आठवड्याला स्क्रू पुसून तपासतो, दोरीला मेण लावतो. मधल्या गुंडाळीचे धागे सैल दिसू लागलेत. पुढच्या रविवारी आणतो, दोरी बदलायची की अजून चालेल ते तुम्हीच बघा.

आणि एक विनंती. माझी मुलगी दिवाळीनंतर यायचं म्हणतेय. माझी मुलगी म्हणून तिला काही सूट देऊ नका. तिचाही डबा पहिल्या दिवशी काढून घ्या.

मनापासून धन्यवाद, ताई.

तुमचा,
रविवारच्या बॅचमधला विद्यार्थी, भांडुप