आई-बाबा, मी होकार कळवला आहे

बंगळूर, रविवार

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे तीनदा ठरवले आणि तिन्ही वेळा जेवणाखाणाचे बोलून फोन ठेवला, म्हणून पत्र लिहीत आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या संशोधनाच्या जागेसाठी मी शुक्रवारी होकार कळवला. नोव्हेंबरात निघायचे आहे आणि मुदत दोन वर्षांची आहे. बेळगावच्या कॉलेजातली कायमची जागा घेणार नाही, हेही त्याच दिवशी कळवून टाकले. आधी तुम्हाला विचारायला हवे होते. पण विचारले असते तर आई गप्प राहिली असती, आणि तिच्या गप्प राहण्यापुढे माझे कधीच काही चालत नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल की येळ्ळूरहून रोज बसने जाऊनही रसायनशास्त्र शिकवता येते. येते, आणि ते काम मी कमी लेखत नाही. पण माझ्या मनात हे सारे मुंडरगीच्या आत्यापासून आहे. तिच्या बोअरचे पाणी नितळ होते, त्याला ना वास ना चव, आणि ती ते उकळून, गाळून पीत होती. पण त्यात विरघळलेले फ्लोराइड होते, आणि ते उकळल्याने जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर ते गेले की पाणी पिण्याजोगे राहत नाही, पण हे कळते कधी, तर दातांवर तपकिरी डाग पडून कंबर आखडल्यावर. शेवटच्या भाऊबीजेला तिने तुम्हाला उभ्यानेच ओवाळले होते.

पाण्यातले फ्लोराइड आधीच डोळ्यांना दिसावे, एवढ्यासाठी मी चार वर्षे रेणू घडवते आहे. अशा रेणूला एक खोबण ठेवलेली असते. तिच्यात फ्लोराइडचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, बसला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि द्रावणाचा रंग पालटतो. माझ्या परीक्षानळीतला फिका पिवळा रंग एका थेंबासरशी जास्वंदीसारखा लाल झाला, त्या रात्री मी आईला झोपेतून उठवले होते. दुसऱ्या दिवशी त्याच नळीत थोडे पाणी घातले आणि लाल रंग विरून गेला. हा आयन लहान असतो आणि पाण्याचे रेणू त्याला चहूबाजूंनी इतके घट्ट धरतात की आमच्या रेणूच्या हाती तो लागतच नाही. सेंद्रिय द्रावकात, म्हणजे पाणी नसलेल्या द्रवात, जमलेली गोष्ट आत्याच्या घागरीत जमत नाही, आणि घागरीत जमली नाही तर तिचा उपयोग काय? पाण्यात टिकणारी पकड कशी बसवायची, हे शिकायला मी जात आहे. आयनाला नेमके ओळखून धरणाऱ्या रेणूंसाठी पेडरसन आणि क्रॅम यांच्याबरोबर १९८७ चे नोबेल मिळवणारे ज्याँ-मारी लेन यांचे काम त्याच शहरातले. तिथल्या जुन्या गल्ल्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत. बाबा, हे वाचून तुम्हाला काय वाटेल ते मला ठाऊक आहे.

दुसरे कारण तुमचा पाय आहे. एप्रिलमध्ये मी स्टीलच्या वाटीत सलाईन ओतून टाचेची जखम पुसत असे आणि तुम्ही खिडकीतून राजहंसगडाकडे बघत राहायचा. दुखते का विचारले की नाही म्हणायचा, आणि ते खरेच होते. साखरेने पायाची संवेदना नेली आहे, मला भीती वाटते ती याचीच. गोळीचे औषध रक्तातून अंगभर फिरते, पण अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांतून टाचेपर्यंत थोडेच पोचते, आणि तिथे जंतू स्वतःभोवती चिकट थर करून बसलेले असतात. म्हणून आम्ही असे रेणू रचू पाहतो, जे पाण्यात आपणहून एकत्र येतात, प्रतिजैविक पोटात धरतात आणि जंतूंनी सोडलेले एन्झाइम लागले की सैल होतात. लहानपणी आई कडू गोळी गुळाच्या खड्यात लपवून द्यायची, तसेच काहीसे. जंतूला लोह लागते, म्हणून लोह पकडणारा भाग औषधालाच जोडला, की जंतू ते स्वतःच आत ओढून घेतो. असे सेफिडेरोकॉल नावाचे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूरही झाले आहे. मी जे करीन ते तुमच्या टाचेसाठी वेळेत तयार होणार नाही. ती जखम डॉक्टरांच्या औषधाने आणि आईच्या हाताने भरत आली आहे, आणि तशीच भरेल.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, कामाच्या जागेपर्यंत ट्राम जाते, शिष्यवृत्तीत माझे भागून घरीही पाठवता येईल. तांदूळ तिथे मिळतो. ज्वारीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी मात्र आईच्याच हातची नेईन. लग्नाचा विषय मी टाळत नाही, दोन वर्षे मागितली आहेत एवढेच.

आता माझे ऐका. बाबांनी अंगणातसुद्धा अनवाणी जायचे नाही. रोज रात्री तळपाय आरशात पाहायचे आणि आंघोळीचे पाणी आईने कोपराने तपासल्याशिवाय पायावर घ्यायचे नाही. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच थांबवायच्या नाहीत आणि उरलेल्या शेजारी कुणाला द्यायच्या नाहीत. अर्धवट औषधाने मरत नाहीत ते जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. आई, धुण्याभांड्यांना बाई ठरवली आहे, तिला परत पाठवू नकोस, तुझ्या गुडघ्यांसाठी ती हवीच. दादा निपाणीहून दर शनिवारी येईल आणि जखमेचा फोटो मला पाठवील.

दसऱ्याला मी येत आहे, चांगले आठ दिवस. रागावायचे असेल तर तेव्हा समोर बसवून रागवा, फोनवर गप्प राहू नका. तेवढे दिवस ड्रेसिंग मी करीन, आणि झोपताना आईने माझ्या केसांना तेल लावून द्यावे.

तुमची,
बाळी