नाव न सांगितल्याबद्दल आभार

सप्रेम नमस्कार,

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशीचा फोटो पाठवला की बहुतेक जण दोन मिनिटांत नाव सांगून मोकळे होतात. तुम्ही फोटोवरून माश्या ओळखून देता, पण तुमचा पहिला प्रश्न असतो, "मागच्या पायाची मांडी दिसते का?" ती दिसत नसेल तर तुम्ही "सिर्फस, मादी" एवढंच, म्हणजे प्रजातीचं नाव न देता फक्त वंशाचं (जवळच्या प्रजातींच्या गटाचं) नाव लिहून थांबता. बागेतल्या सिरफिड माश्यांची (फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्यांची) नोंद ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे आभारपत्र आहे, आणि ते मुख्यतः त्या थांबण्यासाठी आहे.

माशी सिरफिड आहे एवढं कळायला फार कष्ट पडत नाहीत. पंखांची जोडी एकच, मिशा आखूड, आणि बहुतेक प्रजातींत पंखाच्या मधोमध कुठल्याच शिरेला न जोडलेली एक खोटी शीर. घोडं अडतं ते पुढे. जगात सुमारे ६००० प्रजाती आणि रंगांचे नमुने मोजकेच, कारण कित्येकींनी गांधीलमाशीचं किंवा मधमाशीचंच सोंग घेतलेलं.

सिर्फसचंच घ्या. रिबेसी आणि विट्रिपेनिस या त्यातल्या दोन प्रजातींच्या पाठीवरचे पट्टे शेजारी ठेवले तरी फरक सापडत नाही. पट्टे सोडून द्या, हे तुम्हीच पहिल्यांदा ठासून सांगितलंत. आधी वंश सिर्फसच आहे याची खात्री करायची: पंखाच्या बुडाशी जी पांढुरकी झडप असते, तिच्या खालच्या पाळीवर वरच्या बाजूने लांब केस उभे असले पाहिजेत. मग डोळे पाहायचे. डोक्यावर दोन्ही डोळे एकमेकांना भिडले तर नर, मधे फट असली तर मादी. (हेलोफिलस या दुसऱ्या सिरफिड वंशात मात्र नराचेही डोळे वेगळेच असतात, तिथे ही खूण चालत नाही.) मादी असेल तर मागच्या पायाची मांडी: पूर्ण पिवळी असली तर रिबेसी, बुडापासून बराच भाग काळा असला तर विट्रिपेनिस. पण काळी मांडी टॉर्व्हस या तिसऱ्या सिर्फस प्रजातीच्या मादीचीही असते, म्हणून डोळ्यांवर केस आहेत का हे बघितल्याशिवाय विट्रिपेनिस लिहायचं नाही. टॉर्व्हसच्या नराच्या डोळ्यांवरचे केस सहज दिसतात. मादीचे तुरळक आणि आखूड असतात; मागून उजेड आणि गडद पार्श्वभूमी असेल तरच ते उठून दिसतात.

इथे चुका कशा होतात हेही तुम्ही दाखवलंत. मांडीवर पराग माखलेले असले की काळा भाग पिवळा भासतो. पोटाची सावली पडली की पिवळी मांडी काळी वाटते. आणि वरून काढलेल्या फोटोत मांडीचं बूड पोटाखाली जातं, नेमका तोच भाग लागतो. नर असेल तर हा प्रश्नच बाद, कारण रिबेसी आणि विट्रिपेनिसचा नर मांडीवरून वेगळा करता येत नाही. पंखाच्या बुडाजवळच्या दुसऱ्या कोष्ठकावर (शिरांमधल्या चौकटीवर) सूक्ष्म लव सगळीकडे आहे (रिबेसी) की मधे उघडे पट्टे आहेत (विट्रिपेनिस), हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. मोबाइलच्या फोटोवरून नराचं नाव सांगणारा माणूस अंदाज बांधत असतो.

युपिओडिस या वंशात वेगळीच फसगत. त्यातल्या कोरोली प्रजातीचे पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या खंडावरचे पिवळे डाग कडेपर्यंत पोचतात, लुनिगरचे कडेच्या आत थांबतात. पण बसलेल्या माशीचे पंख नेमके त्या कडेवर येतात, म्हणून बाजूचा फोटो हवा. स्फेरोफोरिया वंशाची मादी असेल तर तुम्ही प्रजातीचं नाव न देता फोटो बाजूलाच ठेवता, आणि तेच बरोबर आहे. त्यातल्या स्क्रिप्टा प्रजातीचा नर मात्र पंखांच्या बाहेर डोकावणाऱ्या लांब पोटावरून सापडतो.

मधमाशीसारख्या दिसणाऱ्या एरिस्टॅलिस वंशाबद्दल तुमची एक ओळ पुरली: "पंखातली शीर खाली झोका घेते का बघा." तो झोका असला तर एरिस्टॅलिस किंवा तिचे जवळचे नातलग. त्यातल्या टेनॅक्स प्रजातीच्या डोळ्यावर दाट केसांचे दोन उभे पट्टे असतात. भिंगातून पाहिलं तर डोळ्यावर मखमलीच्या दोन फिती लावल्यासारखं दिसतं. पर्टिनॅक्सचे पुढच्या आणि मधल्या पायांचे तळवे पिवळे असतात. अर्बुस्टोरमच्या चेहऱ्यावर काळी उभी रेघ नसते, पण जुन्या, झिजलेल्या माशीची लव उडून गेली की खालचा काळा चकचकीत भाग उघडा पडतो आणि रेघ असल्याचा भास होतो. तिथे घाई करू नये.

एपिसिर्फस बाल्टिएटस ओळखायला सोपी: तिसऱ्या-चौथ्या खंडावर जाड पट्ट्यानंतर एक बारीक, मिशीसारखी काळी रेघ. तरी थंडीतले तिचे गडद नमुने वेगळी प्रजात म्हणून दाखवले जातात. कोषावस्थेत तापमान कमी असलं की काळा रंग वाढतो, एवढंच त्यामागे आहे.

तुमच्या सूचनांवरून आमची पद्धत आता ठरून गेली आहे. प्रत्येक माशीचे चार फोटो: वरून, बाजूने मागच्या पायासकट, समोरून चेहरा, आणि पंख पसरलेला. सकाळी गारव्यात माश्या संथ असतात, तेव्हा हे जमतं. जमलं नाही तर पारदर्शक नळीत अलगद घेऊन फ्रिजमध्ये ८-१० मिनिटं. फ्रीझरमध्ये मुळीच नाही. बाहेर काढल्यावर मिनिटभर ती पाय हलवत नाही, तेवढ्यात दहापट भिंगाने झडप, मांडी, डोळे बघून घ्यायचे. ऊब मिळाली की ती आपणहून उडते. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवली की लांबीचा वाद मिटतो.

एक तक्रार मात्र आहे. झडपेवरच्या केसांची खूण तुम्ही फार उशिरा सांगितलीत. त्याआधीच्या सगळ्या "सिर्फस" नोंदी आता पुन्हा तपासाव्या लागत आहेत. आतापर्यंत त्यांतल्या काही युपिओडिस निघाल्या, आणि नरांच्या नोंदींपुढे प्रजातीचा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.

आपले ऋणी,
बागेतल्या माश्यांची नोंद ठेवणारे