दुबईचे अंतर एकच, वेळ मात्र दोन

महोदय,

पर्यटन पुरवण्यांत आणि सहलींच्या पत्रकांत ‘मुंबई–दुबई : १,९३० किमी, विमानाने सव्वादोन तास’ अशा नोंदी दिसतात. अंतर बरोबर आहे. वेळ मात्र अंतराला विमानाच्या वेगाने भागून काढलेली असते आणि तिच्या भरवशावर पुढचे विमान ठरवले की घोळ होतो.

१,९३० किमी म्हणजे दोन विमानतळांमधले, पृथ्वीच्या गोलाईवर मोजलेले कमीत कमी अंतर. वैमानिकाच्या कागदावर ते सुमारे १,०४० सागरी मैल असते, साध्या मैलांत १,२००. हा १,२०० चा आकडा किलोमीटर समजून उचलला गेला की सातशे किलोमीटरची चूक होते.

खरी मेख वाऱ्यात आहे. या मार्गावरचे बोइंग ७३७ किंवा एअरबस ए-३२० जातीचे विमान ताशी साधारण ८३५ किमीने उडते, पण हा वेग हवेच्या तुलनेतला. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारा असतो. तो ताशी १०० किमी धरला, तर जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ७३५ उरतो आणि २ तास ३८ मिनिटे लागतात. येताना तो ९३५ होतो आणि २ तास ४ मिनिटे पुरतात. पावसाळ्यात हा प्रवाह उत्तरेला सरकतो आणि फरक बराच घटतो. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्याच्या रांगेत थांबणे हे सगळे वेगळेच. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. त्यामुळे गर्दीच्या वेळी विमानांना घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून वेळापत्रकात जाताना सव्वातीन आणि येताना तीन तासांच्या आसपास वेळ धरतात. ती एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतची असते. छापायची ती हीच वेळ.

दुबईचे घड्याळ बाराही महिने आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. रात्री १० वाजता मुंबईहून सुटलेले विमान तिथल्या ११.४५ ला पोहोचते. नुसती वजाबाकी केली तर प्रवास पावणेदोन तासांचा वाटतो. उलट दुबईहून रात्री १० चे विमान मुंबईत २.३० ला उतरते, तेही दुसऱ्या तारखेला. तिकिटावर वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ असते. ते नजरेतून सुटले, तर न्यायला येणारी माणसे आदल्या रात्रीच विमानतळावर हजर होतात.

दिल्लीचे आकडे मुंबईला लावू नयेत, हेही महत्त्वाचे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून आखातात जाणाऱ्या भारतीय विमानांना वळसा घ्यावा लागला. मुंबईहून वाट अरबी समुद्र आणि ओमानवरून जाते, तिला तसा फटका नाही.

आपल्या पुरवणीत यापुढे जाण्याची व येण्याची वेळ वेगवेगळी द्यावी आणि पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘स्थानिक वेळ’ असे छापावे, ही विनंती.

— एक वाचक, डोंबिवली