इंग्रजीचा क्लास राहू द्या, आधी एक पुस्तिका काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम हा वाद दर जूनला तुमच्या वाचकांच्या पत्रांत येतो, दोन्हीकडचे लोक तावातावानं लिहितात आणि जुलै लागला की सगळं थंड होतं. मला त्या वादात पडायचंच नाहीये. माझं म्हणणं त्यापेक्षा बरंच लहान आहे आणि खर्चाच्या मानानं तर अगदीच किरकोळ आहे. मराठी माणसासाठी, मराठीत समजावून सांगणारी, इंग्रजी व्याकरणाची आणि विरामचिन्हांची एक छोटी सोपी पुस्तिका पाहिजे, टेबलावर पडून राहील आणि अडलं की उघडता येईल अशी. बस एवढंच.

मी बार्शीत डीटीपी आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान चालवते. बायोडाटा, रजेचे अर्ज, नोकरीसाठीची पत्रं, बँकेला द्यायचं पत्र, इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, हे सगळं रोज डोळ्याखालून जातं. आणि इतकी वर्षं टाईप करून एक गोष्ट पक्की कळली की आपल्या लोकांच्या इंग्रजीतल्या चुका वाट्टेल तशा नसतात हो, ठरलेल्या असतात, बीएस्सी झालेली मुलगी असो नाहीतर रिटायर्ड तलाठी असो, चूक तीच आणि जागाही तीच. कारण त्या चुका इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत, मराठी चांगलं येतं म्हणून होतात.

आता बघा, आपण म्हणतो 'मी काल सोलापूरला गेले होते'. मराठीत हे एकदम बरोबर आहे, त्यात जाऊन परत आले हेसुद्धा आलं. तेच उचलून लोक लिहितात 'आय हॅड गॉन टू सोलापूर येस्टरडे'. इंग्रजी वाचणारा तिथं थांबतो, की बरं गेली होतीस, मग पुढं काय झालं? कारण त्यांच्याकडं 'हॅड गॉन' हे दुसऱ्या एखाद्या भूतकाळातल्या गोष्टीच्या आधी काय झालं ते सांगायला लागतं, म्हणजे ती गाडी यायच्या आधी मी निघून गेले होते असं काहीतरी. नुसतं काल गेले असेल तर 'आय वेंट', विषय संपला. हे दोन ओळीत सांगता येतं, पण हे असं कुणी सांगतच नाही.

दुसरं म्हणजे 'पासून'. आपल्याकडं 'पाच वर्षांपासून' आणि '2019 पासून' दोन्हीकडं पासूनच. इंग्रजीत मात्र सुरुवात कुठून झाली ते सांगायचं असेल तर 'सिन्स' आणि किती काळ झाला ते सांगायचं असेल तर 'फॉर'. त्यामुळं 'सिन्स फाइव्ह इयर्स' हे माझ्याकडं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बायोडाटात असतंच, आणि त्याच्या आधी 'आय ॲम वर्किंग' असतं, तिथं खरं 'आय हॅव बीन वर्किंग' पाहिजे. पुण्यातल्या एचआरवाल्याला चूक लगेच दिसते, तो काही बोलत नाही, फक्त फोन करत नाही.

तिसरी गंमत सगळ्यात भारी. 'सर म्हणाले की मी उद्या येतो.' मराठीत यात उद्या येणार ते सर, लहान मुलालाही कळतं. आता समजा ऑफिसातल्या क्लार्कनं कस्टमरला मेल टाकली, 'सर सेड दॅट आय विल कम टुमारो'. म्हणजे झालं, कस्टमर क्लार्कची वाट बघत बसणार आणि सर जाऊन उभे राहणार. इंग्रजीत 'की' नंतर माणूस बदलावा लागतो, काळसुद्धा बदलावा लागतो. शाळेत डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच म्हणून हेच शिकवलेलं असतं, मार्कही मिळालेले असतात, पण ते ह्या मेलसाठी होतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

इथं कुणीतरी म्हणेल की आता मोबाईलच सगळं सुधारून देतो, पुस्तक कशाला. देतो ना, मी पण वापरते, 'सिन्स फाइव्ह इयर्स' तो बरोबर पकडतो. पण ते सरांचं वाक्य घालून बघा, खाली लाल रेघ बहुतेक येणार नाही, कारण वाक्य म्हणून त्यात चूक काहीच नाहीये. चूक तुम्हाला काय म्हणायचं होतं त्यात आहे आणि ते मशीनला कुठून कळणार. आणि हल्ली पोरं अख्खं पत्रच मशीनकडून लिहून आणतात, त्यात काय लिहिलंय ते विचारलं की बघतच राहतात, इंटरव्ह्यूला बसल्यावर तर मोबाईल बाहेर ठेवायला लागतो.

शाळेचं म्हणाल तर महाराष्ट्रात 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पोरं आज नोकरीला लागलीत, काहींची स्वतःची मुलं शाळेत जातात. आणि व्याकरण आपण शिकवतो कसं, तर 'डू ॲज डायरेक्टेड'. रिमूव्ह 'टू'. यूज 'नो सूनर दॅन'. चेंज द व्हॉइस. बारावीचं पोरगं झोपेत उठवलं तरी 'टू' काढून 'सो दॅट' घालून देतं, त्यालाच म्हटलं कॉलेजला दोन दिवसांच्या रजेचा अर्ज लिही तर 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' पासून सुरू करतं, साहेबाला जाऊन पंचाहत्तर वर्षं उलटली तरी आपलं बेग करणं चालूच आहे. मी शिक्षकांना दोष देत नाहीये, पेपर तसा निघतो म्हणून ते तसं शिकवतात. आणि हा पेपर काही बारावीलाच सुटत नाही, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 300 मार्कांचा इंग्रजीचा सक्तीचा पेपर असतो, मार्क मेरिटला धरत नाहीत पण 25 टक्के पडले नाहीत तर बाकीचे पेपर कुणी मोजतच नाही.

पुस्तकं नाहीत असं नाही. ब्रिटिश काळापासून चालत आलेला जाडजूड रेन आणि मार्टिन घराघरात माळ्यावर असतो. पण तो इंग्रजीतून इंग्रजी शिकवतो, म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच तो कळत नाही, आणि मराठी माणूस नेमका कुठं अडतो हे त्याला माहिती असायचं काही कारणच नाही. दुसऱ्या टोकाला स्टँडवर मिळणारी फाडफाड इंग्रजीवाली पुस्तकं, त्यात हॉटेलातला संवाद, डॉक्टरकडचा संवाद, पाठ करा आणि विसरा. आमच्या आजोबांच्या पिढीला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिला लोक हसतात पण निदान सुरुवात मराठीपासून करायची हे तिचं बरोबर होतं असं माझं मत आहे. तेच आजच्या कामासाठी, थोडक्यात, पाहिजे.

आता विरामचिन्हं. ह्याकडं तर कुणी बघतच नाही. आपल्याकडं मोडीत लिहायचे तेव्हा शब्दसुद्धा तोडत नव्हते, चिन्हं तर लांबच, ती मराठीत आणली एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं. आजसुद्धा आपलं लिहिणं आणि, मग, पण करत लांबतच जातं (हे पत्र मराठीत आहे म्हणून खपतंय). तीच सवय इंग्रजीत जाते, 'माय नेम इज अमुक, आय ॲम फ्रॉम बार्शी, आय हॅव कम्प्लीटेड बीकॉम' असं नुसते कॉमे देत पानभर. तिथं प्रत्येक ठिकाणी फुलस्टॉप पाहिजे, पूर्ण वाक्याला पूर्ण वाक्य नुसत्या कॉमानं जोडत नाहीत हा साधा नियम आहे.

आणि कॉमा म्हणजे किरकोळ असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्यातली केस वाचा. ओकहर्स्ट डेअरी म्हणून दुधाची कंपनी, तिच्या ड्रायव्हर लोकांनी ओव्हरटाईम मागितला. तिथल्या कायद्यात कुठल्या कामाला ओव्हरटाईम नाही त्याची यादी होती, डबाबंद करणं, प्रक्रिया करणं, साठवणं अशी कामं कॉमा देत देत, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन'. कंपनी म्हणाली पॅकिंग हे एक काम आणि डिस्ट्रिब्युशन हे वेगळं काम, दोन्हीला ओव्हरटाईम नाही. ड्रायव्हर म्हणाले 'शिपमेंट' नंतर कॉमा कुठाय? म्हणजे पाठवण्यासाठी किंवा वाटपासाठी केलेलं पॅकिंग एवढंच यादीत आहे, आणि आम्ही तर पॅकिंग करतच नाही, आम्ही गाडी चालवतो. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली, पण 2017 मध्ये अपील कोर्टानं ड्रायव्हर लोकांची बाजू धरली, आणि निकालाचं पहिलंच वाक्य असं की एक कॉमा नाही म्हणून हा खटला आपल्यासमोर आहे. 2018 मध्ये 50 लाख डॉलर देऊन कंपनीनं मिटवलं आणि मेनवाल्यांनी कायद्याच्या त्या यादीत कॉमे काढून सेमीकोलन घातले. आपल्या दूध संघाच्या टँकरवाल्यांना सांगा कुणीतरी.

आपल्या रोजच्या कामात एवढे डॉलर नाहीत, पण अर्जाच्या शेवटी 'युवर्स फेथफुली' मध्ये एसच्या आधी वरचा तो ॲपॉस्ट्रॉफी देणं हे आमच्याकडं इतकं चालतं की मी तो काढला तर गिऱ्हाईक म्हणतं ताई तुमचं राहिलं. तिथं तो कधीच नसतो. 'इट्स' मध्ये द्यायचा की नाही याची तर सोपी युक्ती आहे, त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा, अर्थ लागला तर द्या, नाही लागला तर देऊ नका. 'अ' की 'ॲन' यातही शाळेत स्वर-व्यंजन अक्षरं घोकून घेतात आणि पोरगं 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहून मोकळं. अक्षर नाही, आवाज बघायचा. उच्चार 'यू' नं सुरू होतो म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', आणि एमपीएससीचा उच्चार 'ए' नं सुरू होतो म्हणून 'ॲन एमपीएससी कँडिडेट', पण 'अ यूपीएससी कँडिडेट'. मराठी माणसाला हे लगेच पटतं कारण आपण जसं बोलतो तसंच लिहितो.

तर पुस्तिका अशी पाहिजे की ती नाम-सर्वनामापासून सुरू होणार नाही. अनुक्रमणिकाच मराठीतून पाहिजे, 'गेलो होतो' कुठल्या पानावर, 'पासून' कुठल्या पानावर, 'म्हणाला की' कुठल्या पानावर. एका पानावर एकच गोष्ट, चूक वाक्य, बरोबर वाक्य, आणि असं का ते साध्या मराठीत. मागं चार-पाच नमुना पत्रं, आजच्या भाषेतली, बेग न करणारी. लाखाचे कॉमे आपण 1,00,000 असे देतो आणि परदेशात 100,000 असे देतात, अमेरिकेत तारखेत महिना आधी लिहितात, असल्या बारीक गोष्टीही त्यात याव्यात कारण आता बार्शीतून लोक बाहेरच्या कंपन्यांना बिलं पाठवतात. साईज अशी की कालनिर्णयसारखी खिळ्याला अडकवता यावी. सगळं व्याकरण त्यात कोंबायचा मोह मात्र टाळायचा, एकदा का पास्ट परफेक्ट कंटिन्युअसचे तक्ते सुरू झाले की पुस्तिका माळ्यावर गेलीच म्हणून समजा.

हे काम बालभारतीनं करावं असं मला वाटतं. 1967 पासून पुस्तकं काढतायत, इंग्रजीची आणि मराठीची माणसं एकाच छताखाली आहेत, आणि पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ त्या फुकट देतातच, तशीच हीसुद्धा द्यावी. ज्याला छापील पाहिजे तो माझ्यासारखीच्या दुकानात प्रिंट काढून घेईल.

त्यांचं होईल तेव्हा होईल. तोपर्यंत तुम्ही आठवड्याला एक चौकट छापायला काय हरकत आहे, कोड्याच्या शेजारी, चार ओळींची? गावोगावचे मराठी शाळांतले इंग्रजीचे शिक्षक लिहून देतील, त्यांच्याकडं असल्या वाक्यांचा साठा असणारच. पहिली चौकट 'पासून' वर घ्या. मी कात्रण काचेला चिकटवीन.

आपली,
एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)