बेळगावच्या उद्यमबागेतल्या टर्नर काकांना

काका, नमस्कार.

पीयूसीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे अकरावीला, मी तुमच्या पडवीत एक गणित घेऊन आले होते. तुम्हाला आठवत नसेल, मला त्यातला आकडा न् आकडा आठवतो. अवकाशस्थानक जमिनीपासून 400 किलोमीटर उंचीवरून फिरतं, तर पृथ्वीभोवती एका फेरीला किती वेळ? दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर एकदम सगळं इंग्रजीत. वर्गात विचारायचं धाडस होत नव्हतं. माझं उत्तर 80 सेकंद येत होतं. लॉग टेबल तीनदा बघितलं, तरी तेच.

तुम्ही नुकतेच कामावरून आला होता, हाताला ऑइलचा वास होता. सूत्राकडे तुम्ही बघितलंही नाही. "मोजलीस कुठनं गं? आम्ही जॉब सेंटरपासनं मोजतो की!" जॉब म्हणजे तुमच्या लेथवर फिरणारा तुकडा.

मग पत्र्याच्या तुकड्यावर डिव्हायडरने 64 मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ ओढलंत, एक मिलिमीटर म्हणजे 100 किलोमीटर धरून. त्याच्या बाहेर 4 मिलिमीटरवर दुसरं. दोन रेघांमधली ती चिंचोळी फट बघितली आणि चूक लख्ख दिसली. मी 400 चा घन करत होते. करायचा होता 6,771 चा, पृथ्वीची 6,371 किलोमीटर त्रिज्या मिळवून. त्या घनाला 3,98,600 ने, म्हणजे पृथ्वीच्या जीएमने (गुरुत्व स्थिरांक गुणिले पृथ्वीचं वस्तुमान), भागलं, वर्गमूळ काढलं, दोन पायने गुणलं. 5,545 सेकंद! 92 मिनिटांच्या थोडं वर.

मी निघाले, तर तुम्हीच विचारलंत, "आणि चंद्र?" डिव्हायडर पुरेना, म्हणून खिळा आणि सुतळी आणलीत. पत्र्याच्या मापाने चंद्र 3 मीटर 84 सेंटिमीटरवर, पार तुळशीकट्ट्याशी गेला. अंतर सुमारे 57 पट, वेळ मात्र 428 पट, 27 दिवसांवर. लांबच्याची वाट मोठी आणि चालही मंद, हे मला सुतळी धरून चालताना कळलं. अंतराचा घन आणि काळाचा वर्ग यांचं हे नातं केप्लरने ग्रहांसाठी 1619 साली छापलं होतं. माझ्यापर्यंत ते तुमच्या अंगणात पोचलं.

कानडी घरातले तुम्ही, माझ्यासाठी तासभर मराठीत बोलत राहिलात. त्याबद्दल मी कधी काही बोलले नाही. काका, मनापासून आभार.

आता मी फिजिक्स शिकवते. पत्रा अजून जवळ आहे, गंजलाय, पण दोन्ही रेघा दिसतात. पौर्णिमेला मुलीला घेऊन येते. सुतळी मी आणते, खिळा तुम्ही ठोका.

तुमची,
समोरच्या घरातली