बाबल्यास, घड्याळावरून

सिंगापूर, रविवार

बाबल्या मेल्या,

आठ महिन्यांत चार ओळी नाहीत, तेव्हा शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. शुगर होती तिथेच आहे. दुखणं दुसरंच आहे, घरी सांगितलं तर हसतील.

शेवटचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की एक भारी घड्याळ घ्यायचं ठरवलं होतं, तुला ठाऊक आहे. काल ऑर्चर्ड रोडवर दोन रोलेक्स मनगटावर चढवून पाहिली. एक यॉट-मास्टर, अंग स्टीलचं, तबकडीभोवतीचं फिरतं कडं प्लॅटिनमचं. दुसरं सबमरीनर, पाणबुड्यांचं. दोन्ही नुसती दाखवायला ठेवलेली. कुठलं हवं ते सांगा, नाव लिहून घेतो, दुकानदार म्हणाला. तिथेच अडलोय.

यॉट मी पाहिली ती धक्क्यावरून. सत्तावीस वर्षं इंजिनरूममध्ये गेली आणि तिथे मनगटावर घड्याळ घालत नाहीत, कशात अडकलं तर हात जायचा. (मी बारा-चारच्या वॉचवर, म्हणजे पाळीवर, असतो म्हटलं की आईला वाटायचं, पोरगा बोटीवर घड्याळं राखतो.) आणि सबमरीनर घालून जाऊ कुठे? तारकर्लीला तू पर्यटकांना खाली नेतोस तेव्हा मी होडीत बसून तुझे कपडे सांभाळतो.

पण सबमरीनरचं कडं बघ. पाण्यात किती वेळ झाला ते त्यावरून मोजतात. एकाच बाजूला फिरतं, काट्यांच्या उलट. खडकाला आपटून सरकलंच तर पाण्यात जास्त वेळ झाला असं दाखवणार, म्हणजे माणूस नळकांड्यात हवा शिल्लक असतानाच वर येणार. चूक झाली तरी जीव वाचवणारी! यॉट-मास्टरचं कडं दोन्हीकडे फिरतं. यॉटची शर्यत हरून कोण मरतंय? ते १०० मीटर खोल पाण्यापर्यंतचं, सबमरीनर ३०० पर्यंतचं. गंमत म्हणजे १९५३ चं पहिलं सबमरीनरही १०० चंच होतं. पाणबुड्याला पुरलं ते मला भांडी घासायला पुरणार नाही?

यॉट-मास्टर निघालं १९९२ साली. त्याच वर्षी मे महिन्यात तुझ्या बाबांचं एचएमटी घालून मी देवबागच्या संगमात उडी टाकली. 'पाण्यात चालतं असं बाबल्या म्हणाला' हे मी आजवर सांगत आलो. तू तसं म्हणाला नव्हतास. मार मात्र तू खाल्लास.

असो. होमस्टेची कौलं बदललीस का? पोरीचा निकाल कळव, वहिनींना नमस्कार. शुक्रवारी दुकानात नाव द्यायचंय, त्याआधी फोन कर. रात्री नऊनंतर कर, दिवसा मी खाली असतो.

तुझा,
दाजी