वंशसंहाराची तयारी कशी होते, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

7 एप्रिल हा रवांडातील तुत्सींच्या वंशसंहाराचा स्मरणदिन. त्या सुमारास आपल्याकडच्या वृत्तपत्रांत येणारा मजकूर बहुधा ठरलेला असतो: 1994 साल, 100 दिवस, आठ लाख बळी, कोयते, चर्चमध्ये मांडलेल्या कवट्या. आकडा खोटा नाही. रवांडा सरकार तर दहा लाखांहून अधिक बळी सांगते. पण एवढेच वाचले की दूर आफ्रिकेतल्या दोन जमाती एका रात्रीत एकमेकींवर तुटून पडल्या, असा समज होतो. हा समज साफ चुकीचा आहे. ते काम कट्टर हुतू नेत्यांच्या हाती असलेल्या सरकारी यंत्रणेने पूर्वतयारीनिशी केले आणि तयारीचा जवळजवळ प्रत्येक टप्पा आधीपासून दिसत होता. आपण तेच टप्पे विसरतो, म्हणून हे पत्र.

सुरुवात कागदापासून करावी लागते. हुतू (बहुसंख्य), तुत्सी आणि त्वा या रवांडातल्या तीन गटांची भाषा एकच, किन्यारवांडा. गावे मिसळलेली, आपसात लग्ने होत. बेल्जियमच्या वसाहती राजवटीने 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट छापला आणि 1962 च्या स्वातंत्र्यानंतरही ती नोंद तशीच राहिली. 1994 मध्ये रस्तोरस्ती उभारलेल्या अडथळ्यांवर पहिली मागणी या ओळखपत्राची होई. चेहऱ्यावरून जे खात्रीने सांगता येत नव्हते, ते कार्ड सांगत असे. सरकार आणि 1990 पासून त्याच्याशी लढणारी आरपीएफ (रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट, मुख्यतः तुत्सी निर्वासितांची बंडखोर संघटना) यांच्यातल्या ऑगस्ट 1993 च्या अरुशा शांतता करारात नव्या सरकारी कागदपत्रांतून वांशिक नोंद काढून टाकण्याचे कलम होते. ते अमलात आणायचे होते हंगामी सर्वपक्षीय सरकारने, आणि ते सरकार कधी कारभारावर आलेच नाही.

हत्यारांचे तसेच. जानेवारी 1993 ते मार्च 1994 या काळात 581 टन कोयत्यांच्या आयातीचे परवाने दिले गेल्याचे ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने नंतर कागदपत्रांतून दाखवून दिले. एका कोयत्याचे वजन किलोभर धरले तर हे पावणेसहा लाखांच्या वर जातात. कोयता हे शेतीचे अवजार, त्यामुळे आयातदाराला कोणी प्रश्न विचारला नाही. पण शेतीची गरज एका वर्षात अशी वाढत नसते.

मग रेडिओ. जुलै 1993 मध्ये आरटीएलएम हे खासगी केंद्र सुरू झाले. सरकारी रेडिओ रूक्ष होता. इथे नाचरी काँगोली गाणी, थट्टामस्करी, श्रोत्यांशी गप्पा असत. तरुण त्यासाठीच ऐकत आणि त्याच गप्पांत तुत्सींना झुरळे म्हटले जाई. एप्रिलनंतर या केंद्राने माणसांची नावे, गाड्यांचे क्रमांक आणि लपण्याच्या जागा प्रसारित केल्या. विमानातून हे प्रक्षेपण जाम करावे, असा प्रस्ताव अमेरिकेत आला होता. पेंटागॉनने मे 1994 मध्ये तो निष्फळ आणि महागडा ठरवून बाजूला ठेवला. विमानाच्या एका तासाचा खर्च दाखवला होता सुमारे 8,500 डॉलर.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा ब्युतारे प्रांताचा आहे. 6 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान पाडले गेले आणि राजधानी किगालीत रातोरात कत्तल सुरू झाली. ब्युतारेत तुत्सींची वस्ती मोठी होती, तरीही सुमारे दोन आठवडे तो प्रांत बऱ्याच अंशी शांत राहिला. तिथले प्रांतप्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना यांनी हत्या रोखून धरल्या. देशातले ते एकमेव तुत्सी प्रांतप्रमुख. सरकारने त्यांना पदावरून दूर केले. 19 एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो स्वतः तिथे आले आणि जे अजून ‘कामाला’, म्हणजे मारण्याला, लागले नव्हते त्यांना भाषणात दम दिला. त्यानंतर एक-दोन दिवसांत ब्युतारेतही सामूहिक कत्तली सुरू झाल्या. हाब्यालिमाना यांनाही पुढे ठार मारण्यात आले. लोकांच्या मनातला जुना द्वेष आपोआप उसळला असता, तर एक अधिकारी त्याला दोन आठवडे अडवू शकला नसता आणि वरून येऊन भाषण करायची गरजही पडली नसती. प्रांत, कम्यून, सेक्टर, सेल अशी खालपर्यंत पोचणारी उतरंड होती. जो आदेश घरोघर श्रमदानाला माणसे गोळा करी, त्याच वाटेने मारण्याचा आदेश उतरला.

लोकांना एकत्र जमवण्याची पद्धतही लक्षात ठेवावी अशी आहे. पूर्वीच्या दंगलींत चर्चमध्ये आसरा घेतलेले अनेक जण वाचले होते, म्हणून 1994 मध्येही माणसे न्यामाता, न्ताराम्याच्या चर्चकडे धावली आणि तिथेच मारली गेली. मुरांबी येथे तर अधिकाऱ्यांनीच हजारोंना सुरक्षिततेच्या नावाखाली टेकडीवरच्या अर्धवट बांधलेल्या शाळेत पाठवले, पाणी तोडले आणि 21 एप्रिलला हल्ला झाला.

बाहेरच्या जगाला कल्पना नव्हती, ही सबबही टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ दालेर यांनी 11 जानेवारी 1994 रोजी न्यूयॉर्कला तार पाठवली होती: तुत्सींच्या याद्या बनत आहेत, शस्त्रसाठे लपवले आहेत, खबऱ्याच्या म्हणण्यानुसार 20 मिनिटांत 1,000 माणसे मारता येतील. साठ्यांवर छापा घालायला त्यांना मनाई झाली. 7 एप्रिलला बेल्जियमचे दहा शांतिसैनिक मारले गेले, बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली आणि 21 एप्रिलला सुरक्षा परिषदेने सुमारे 2,500 चे दल 270 वर आणायचा ठराव केला. त्या वर्षी रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. कत्तल करणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी त्या टेबलाशी बसलेला होता. 17 मे रोजी 5,500 सैनिकांना मंजुरी मिळाली, पण जुलैत आरपीएफने किगाली जिंकली तोवर त्यांतले बहुतेक पोचलेच नव्हते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वंशसंहार थांबवणाऱ्या आरपीएफच्या सैनिकांनीही 1994 मध्ये हजारो नागरिक मारले आणि रवांडातल्या सरकारी स्मरणात त्या मृतांना जागा नाही. यामुळे तुत्सींच्या वंशसंहाराचे गांभीर्य तसूभरही कमी होत नाही. पण स्मरणाची सूत्रे केवळ सत्तेच्या हाती असली की काय गाळले जाते, ते यातून कळते.

आता आपल्याकडे वळतो. 1948 चा वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय करार भारताने 1959 साली मंजूर केला. त्याच्या पाचव्या कलमानुसार प्रत्येक देशाने त्यासाठी स्वतःचा कायदा करायचा आहे. जिनिव्हा करारांसाठी आपण 1960 मध्ये कायदा केला. वंशसंहारासाठी आजवर नाही. 17 डिसेंबर 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने 1984 च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या खटल्यात सज्जन कुमार यांना दोषी ठरवताना ही उणीव तातडीने दूर करावी, असे नोंदवले. त्याच निकालात 1993 ची मुंबई, 2002 चा गुजरात, 2008 चे कंधमाल आणि 2013 चे मुझफ्फरनगर यांचा उल्लेख आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण ती जागा रिकामीच राहिली. झुंडीने केलेल्या हत्येसाठी कलम 103 (2) आले, हे चांगले झाले. मात्र ते हत्येनंतर लागू होते आणि ज्याने याद्या दिल्या त्याच्यापर्यंत सहज पोचत नाही. गटागटांत वैर पसरवण्याविरुद्ध कलम 196 आहे, पण खटल्याची दखल घेण्यासाठी न्यायालयाला केंद्र किंवा राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. ब्युतारेत सरकारच आरोपी होते. अशा वेळी ही परवानगी कोण देणार?

म्हणून कायद्याच्या मसुद्यात काय असावे, यावरही बोलले पाहिजे. करारातली व्याख्या जशीच्या तशी घ्यावी. त्यात हत्येसोबत गंभीर शारीरिक-मानसिक इजा, जगण्याची साधने तोडणे, जन्म रोखणे आणि मुले हिरावून नेणे हेही येते. थेट आणि जाहीर चिथावणी हा वेगळा गुन्हा ठेवावा, संहार घडो वा न घडो. करारातही तो तसाच आहे. मात्र ‘थेट’ या अटीवर तडजोड नको, नाहीतर तोच कायदा टीकाकारांवर चालेल. रवांडाच्या वंशसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या अरुशा येथे नेमलेल्या न्यायाधिकरणात आरटीएलएमच्या संस्थापकाविरुद्धच्या अपिलात 2007 साली न्यायाधीशांनी 6 एप्रिल 1994 नंतरचीच प्रक्षेपणे या गुन्ह्यात धरली, इतकी ती रेषा काटेकोर आहे. खटल्यासाठी सरकारच्या परवानगीची अट नसावी. आणि हाताखालचे लोक मारत असताना जाणूनबुजून गप्प बसलेला अधिकारीही दोषी ठरावा.

वृत्तपत्रांना एक विनंती. पुढच्या 7 एप्रिलला कवट्यांच्या छायाचित्राऐवजी ओळखपत्राचे छायाचित्र छापा आणि शेजारी 1990 ते 1994 चा तारीखवार तक्ता द्या. खासदारांना खासगी विधेयक मांडता येते, त्यासाठी मंत्री असावे लागत नाही. महाराष्ट्राचे लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 सदस्य आहेत. यांपैकी कोण असे विधेयक मांडायला तयार आहे, हे आपल्या वार्ताहरांनी त्यांना विचारून छापावे.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक, सातारा